धागा: आईला चहाचे मळे दाखवायचेत. लातूरहून मुन्नार, संक्रांतीनंतर

मांजराकाठची (लातूर)

मंडळी, इथं बरीच वर्षं वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. मदत हवी आहे.

आमचं गाव केज तालुक्यातलं. मी लातूरला शिक्षिका आहे. आई ६३ वर्षांची, आता माझ्याजवळच असते. आई-अण्णांनी १७ हंगाम कोयता केला, म्हणजे ऊसतोड. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा. भांडीकुंडी, कोंबड्या, मी, माझा भाऊ, सगळं त्यात. सांगली-कोल्हापूरकडचे फड. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत गावाकडं. अण्णा जाऊन पाच वर्षं झाली. आईचा आजवरचा प्रवास म्हणजे हाच. बाकी पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा माझ्या शाळेच्या सहलीबरोबर म्हैसमाळ.

मागच्या महिन्यात चहा ठेवता ठेवता पत्तीच्या पुड्यावरचं चित्र तिनं नीट निरखून पाहिलं. डोंगरउतारावर हिरव्या झाडांत उभ्या बाया, पाठीवर टोपल्या. मला म्हणाली, "ह्या बाया कुठल्या गं? ह्यांचा पट्टा कधी पडतो?" मला सांगता आलं नाही. नंतर दोन-तीनदा तिनंच विषय काढला. आईनं कधी 'मला अमुक बघायचंय' असं म्हटलेलं मला आठवत नाही. म्हणून ह्या वर्षी जायचंच ठरवलंय.

आम्ही तिघं: आई, मी, सातवीतला मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत जावं की जानेवारीत संक्रांत झाल्यावर? जानेवारीत किरकोळ रजा टाकावी लागेल, ती मिळेल. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते, चढ-पायऱ्या जड जातात. घाटात गाडी लागते तिला. विमानाचं बजेट नाही. एका यात्रा कंपनीनं सहा दिवसांत कोची, मुन्नार, ठेक्कडी, अलेप्पी, कन्याकुमारी असा कार्यक्रम दिलाय. घ्यावा का?

उदगीरकर (निवृत्त, बँक)

ताई, तो कार्यक्रम घेऊ नका. २०१९ साली आम्ही दोघं नवरा-बायको अशाच एका यात्रेबरोबर गेलतो. सहा दिवसांतले चार दिवस बसमध्ये गेले. मुन्नारला दुपारी तीनला पोहोचलोत, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निघालोत. मधल्या वेळेत मसाल्याचं दुकान, चॉकलेटचं दुकान आणि एका धरणावर अर्धा तास. चहाचा मळा म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, दहा मिनिटांत फोटो काढा म्हणाले. बायको आजही म्हणते की आपण मुन्नार बघितलंच नाही.

दुसरं, मुक्काम 'मुन्नार'मध्ये म्हणून सांगितला होता, हॉटेल निघालं गावापासून १८ किलोमीटरवर. चित्तिरपुरम, आनच्चाल, चिन्नकनाल ह्या सगळ्या गावांतली हॉटेलं मुन्नारच्याच नावानं दाखवतात. ठिकाणं चांगली आहेत, पण आईंना घेऊन रोज घाटात जा-ये करायची तर नकाशात अंतर बघूनच खोली घ्या. बाजारपेठेजवळ, तळमजल्यावरची खोली मागा. एकाच ठिकाणी चार रात्री राहा. बाकी केरळ पुन्हा कधी.

कोचीतला परभणीकर

२०१५ पासून नोकरीमुळे कोचीत आहे, मुन्नारला वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं. ताई, बाकीचं नंतर, आईंच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

तिथं पट्टा पडत नाही. चहाचं झाड बारा महिने फुटत राहतं. पावसाच्या मागं-पुढं फुटवा जोरात असतो, जानेवारीच्या थंडीत मंदावतो, पण खुडणी पूर्ण थांबत नाही. टोकाची दोन कोवळी पानं आणि मधली कळी घ्यायची, पुन्हा फुटेपर्यंत दुसऱ्या तुकड्यावर जायचं, आणि फिरून परत यायचं. ते झाड मोकळं सोडलं तर दोन-तीन पुरुष उंच जातं. कमरेएवढं दिसतं ते छाटून छाटून ठेवलेलं असतं, म्हणूनच डोंगरावर गालिचा अंथरल्यासारखं वाटतं.

कामगार बहुतेक तमिळ. इथं चहा आला १८८० च्या सुमारास, शार्प नावाच्या एका इंग्रजानं पहिली लागवड केली. मग ह्यांचे पणजोबा-खापरपणजोबा खालच्या तमिळ मुलखातून वर आणले गेले, त्यांत दलित कुटुंबं फार. आणणाऱ्या माणसाला कंगाणी म्हणत. गावात जाऊन आगाऊ पैसे द्यायचे, टोळी बांधायची, वर आणायची आणि टोळीवर देखरेखही त्यानंच करायची. उचल आणि मुकादम हे शब्द आईंना सांगितले की बाकी काही समजावून सांगावं लागणार नाही.

फरक इतकाच की ही माणसं परत गेली नाहीत. मळ्यातच ओळीनं बांधलेल्या खोल्यांत त्यांच्या पिढ्या गेल्या. त्या खोल्यांच्या चाळीला इथं 'लयम' म्हणतात. खोली कंपनीची, काम आहे तोवर. निवृत्त झाल्यावर घरातलं दुसरं कुणी मळ्यात कामाला नसेल तर ती सोडावी लागते, आणि ज्या गावाहून पणजोबा आले तिथं ह्यांचं काहीच उरलेलं नसतं.

२०१५ च्या सप्टेंबरात इथल्या हजारो बायका मुन्नारच्या रस्त्यावर येऊन बसल्या. बोनस २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला होता. पक्षांच्या युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी आपल्यात बसू दिलं नाही. त्यांच्या संघटनेचं नाव पडलं 'पोम्बिळै ओरुमै', म्हणजे बायकांची एकजूट. बोनसचं मान्य झालं, आणि २३२ रुपये असलेली रोजंदारी त्या लढ्यानंतर ३०१ वर गेली. मी तेव्हा इथं नवीन होतो. एवढ्या बायका, आणि समोर एकही पुढारी नाही, असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आता दिवसांचं. दिवाळीत येऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथं परतीचा दुसरा पाऊस असतो, दुपारनंतर धरून येतो. पावसाळ्यात तर नकोच. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री राजमलाच्या पलीकडं पेट्टीमुडीला दरड कोसळली, लयमच्या ओळीच्या ओळी गाडल्या गेल्या, ७० माणसं गेली. देविकुलमच्या पुढच्या गॅप रोडवरही पावसात दरडी येतात. संक्रांतीनंतरचा आठवडा उत्तम. आभाळ स्वच्छ, थंडी कडक.

एकच लक्षात ठेवा, एरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहर ह्या डोंगरी रानबकऱ्यांच्या विणीसाठी दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. जानेवारी उलटू देऊ नका.

बालाघाट

आम्ही मागच्या मे महिन्यात कुन्नूर-उटी केलं. मेट्टुपाळयमहून वर जाणारी दातेरी रुळांची छोटी गाडी आहे, ४६ किलोमीटर, २००५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. चहाचे मळे तिथंही आहेत. गाडी लागणाऱ्या माणसाला रेल्वे बरी, म्हणून सुचवतोय. मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेली तर निलगिरीत शिरायला ई-पास काढावा लागतो, २०२४ च्या मेपासून ते सुरू झालंय. त्या छोट्या गाडीचं आरक्षण मिळणं मात्र फार अवघड. आम्हाला मिळालं नाही, बसनंच गेलोत.

नांदेड_साडेनऊची_लोकल

गाड्यांचं मी सांगतो, हा माझा आवडीचा विषय.

तुम्हाला उतरायचंय अलुवा स्टेशनवर. एर्नाकुलमच्या अलीकडं आहे, मुन्नारला जायला सोयीचं, तिथून साधारण ११० किलोमीटर.

लातूरकरांसाठी सर्वांत सरळ मार्ग सोलापूरहून. पुणे–कन्याकुमारी गाडी, जुन्या नावानं जयंती जनता, रोज आहे. सोलापूर, वाडी, गुंटकल, तिरुपती, सेलम, कोईमतूर, पालक्काड, त्रिशूर, अलुवा. गाडी न बदलता थेट. सोलापूरला उत्तररात्री येते, म्हणून आदल्या संध्याकाळी एसटीनं सोलापूर गाठा आणि स्टेशनवरच्या विश्रामगृहात आईंना पडू द्या. गाडीत एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र जाते. हिला थांबे पुष्कळ आहेत, घाईच्या माणसाची गाडी नव्हे.

नांदेड-परभणीकडच्यांनी सिकंदराबाद गाठून तिथून शबरी एक्स्प्रेस धरावी, तीही रोज आहे. संभाजीनगरवाल्यांना मनमाडहून मंगला लक्षद्वीप. ती कोकण रेल्वेनं जाते, खिडकीचं सुख मोठं, पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं हे पाहून घ्या.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. पुष्कळ लोक अजून जुन्याच हिशेबात असतात. परतीचं तिकीट वेगळ्या तारखेला उघडेल, दोन्ही दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. आईंसाठी खालचा बर्थ: तिकीट काढताना वय बरोबर टाका, आणि तीन जणांच्या एकत्र तिकिटावर ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा मिळत नाही, तेव्हा आईंचं तिकीट वेगळं काढून बघा.

मांजराकाठची

सर्वांचे खूप आभार. परभणीकर, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. कंगाणीपाशी आली तेव्हा म्हणाली, "थांब, परत वाच." खोली सोडावी लागते ते ऐकल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आपली कोप, फडावरची झोपडी, तरी आपल्या हातानं बांधलेली असायची.

यात्रा कंपनीला नाही कळवलंय. बालाघाट, गाडीचं आईला सांगितलं, पण तिला आता ह्याच बाया बघायच्यात. मुन्नार नक्की.

गुऱ्हाळवाला (कळंब)

ताई, चार रात्री राहणार असाल तर एक दिवस मरयूरला द्या. मुन्नारहून ४० किलोमीटर, उदुमलपेटच्या रस्त्यावर. आईंना चहापेक्षाही तिथं जास्त ओळखीचं वाटेल असं मला वाटतं.

कारण तिथं ऊस आहे आणि गुऱ्हाळं आहेत. मरयूरच्या गुळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्यासारख्या ढेपा नसतात. रस काहिलीत आटवून पाक गार व्हायला लागला की हातानं वळून लाडवाएवढे गोळे करतात. मी दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा एका गुऱ्हाळावर तीन तास बसलो. भाषा येत नव्हती. पाक किती आला ते बघायला तिथल्या म्हाताऱ्यानं पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून दाखवली, आमच्या आज्ज्यानं दाखवावी तशीच. मी मान हलवली, त्यानं लगेच मला झारा हातात दिला. गुळाचा रंग आपल्यापेक्षा गडद. मी सहा किलो आणला.

आणि रस्ता बघत जा. मुन्नारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गाडी मरयूरच्या बाजूला उतरायला लागली की डोळ्यांदेखत हिरवं विरळ होत जातं. आधी चहा, मग चंदनाचं राखीव जंगल, सगळीकडं जाळीचं कुंपण, आणि पुढं चिन्नारला पोहोचेपर्यंत काटेरी झुडपं, निवडुंग आणि तापलेले दगड. चिन्नारला वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटरच पाऊस. डोंगराच्या अलीकडं ढग रिकामे होतात, पलीकडं कोरडा वारा तेवढा जातो. महाबळेश्वर आणि आपला आष्टी-पाटोदा, हेच नातं. फक्त आपल्याकडं ते बघायला अख्खा दिवस प्रवास करावा लागतो, तिथं दोन तासांत दिसतं. तुमच्या मुलाला भूगोलात पर्जन्यछाया शिकवतील तेव्हा त्यानं ती पाहिलेली असेल. आपण तिच्यातच जन्मलो, पण डोंगराच्या दोन्ही बाजू एका दमात मी पहिल्यांदा तिथं पाहिल्या.

मरयूरला दगडाच्या शिळा उभ्या करून वर शिळा ठेवलेली प्राचीन दफनंही आहेत, 'मुनियरा' म्हणतात. पण तिथं चढ आहे. आईंना खालीच बसवा.

जालन्याची डॉक्टर

थोडक्यात लिहिते. अलुवाहून मुन्नारचा रस्ता नेरियमंगलमपर्यंत बरा, पुढं वळणंच वळणं. गाडी लागू नये म्हणून गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, लागायला लागल्यावर नाही. कुठली आणि किती, ते आईंच्या बाकीच्या औषधांची चिठ्ठी दाखवून तिथल्याच डॉक्टरांना विचारा. पुढच्या सीटवर बसवा. पोटभर जेवून निघू नका, रिकाम्या पोटीही नको. अडिमालीला थांबा. त्या पट्ट्यात वालरा आणि चीयप्पारा हे धबधबे रस्त्यालगत आहेत, उतरून पाच मिनिटं उभं राहिलं तरी बरं वाटतं.

जानेवारीत पहाटे दवाचा बर्फ होतो काही मळ्यांवर. लातूरची शाल पुरायची नाही. कानटोपी, लोकरीचे मोजे, आत घालायचं गरम. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा.

पैठणची सुगरण

जेवणाचं कुणी बोललंच नाही. भात जाड आणि लालसर असतो, मट्टा म्हणतात, सवय नसलेल्याला चिवट लागतो. भाजीत खोबरेल. आईंना दोन दिवसांनी नकोसं होईल. तमिळ पद्धतीच्या खानावळी बाजारात भरपूर आहेत, इडली-डोसा-पोंगल मऊ आणि पोटाला हलकं, त्यावर भर द्या.

घरून धपाटे तीन दिवस टिकतात, दशम्या दुधात भिजवल्या तर चार. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट, गूळ. गाडीत सुशिला करायला चुरमुरे नेऊ नका, तिथं भिजवायची सोय नसते. स्टीलच्या बाटल्या न्या, डोंगरी भागात एकदा वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे.

मुन्नारमध्ये तमिळ चालतं. पाणी म्हणजे 'तण्णी', गरम पाणी 'सुडु तण्णी', पुरे म्हणजे 'पोदुम'. आईंना हे तीन शब्द पाठ करून द्या, त्यांना स्वतः मागता येईल.

सह्याद्रीवेडा

सूर्योदयासाठी कोळुक्कुमलै चुकवू नका! सूर्यनेल्लीहून जीप जाते, सात हजार फुटांवरचा चहाचा मळा, ढग पायाखाली. आणि मळ्यातल्या बायकांबरोबर फोटो मस्त येतात. टोपली मागून घेतली की पाठीवर लावून देतात.

मांजराकाठची

कोळुक्कुमलैचे फोटो पाहिले. पण फोटोबद्दल मला बोलायचं आहे, राग मानू नका. आम्ही फडात असताना कधीकधी रस्त्यावरून जाणारी माणसं गाडी थांबवून उसाचं कांडकं मागायची आणि आईच्या हातातला कोयता घेऊन फोटो काढायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ते लोक वाईट नव्हते, हसून बोलायचे. पण मोळी अर्धवट राहायची आणि अण्णा उन्हात उभे राहायचे. मला ते अजून आठवतं.

सह्याद्रीवेडा

ताई, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी स्वतः असे फोटो काढलेत. तुमचं वाचून प्रतिसाद खोडणार होतो, पण राहू देतो, पुढच्यांना दोन्ही वाचता येईल. आणि कोळुक्कुमलैची जीप आईंना नकोच. शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड, तासभर कंबर आदळते. गुडघ्यांचं मी विसरूनच सुचवलं.

कोचीतला परभणीकर

खुडणी जितकी किलो तितका वरचा पैसा, त्यामुळं वेळ मोडला तर त्यांचं नुकसानच. दुपारी वजनाच्या वेळी सगळ्या रस्त्याच्या कडेला येतात, तेव्हा दहा-वीस मिनिटं उसंत असते. आईंना भेटायचंच असेल तर ती वेळ. मळा खासगी असतो, आत न शिरता कडेलाच थांबा आणि सुपरवायझरला विचारा.

पुड्यावरचं चित्र मनात ठेवून जाऊ नका, एवढं आईंना सांगून ठेवा. टोपल्या आता क्वचित. हातात कात्री असते, कात्रीला डबा जोडलेला, पानं डब्यात पडतात आणि मग पोत्यात.

एरविकुलम उद्यानातल्या राजमलाला गाडीतळापासून वनखात्याची बस वर नेते. तिथून पुढं डांबरी चढ आहे, आईंनी शंभर पावलं टाकली तरी ताहर दिसतात, रस्त्याच्या कडेलाच चरतात. समोर आनमुडी, २,६९५ मीटर, हिमालयाच्या दक्षिणेला एवढं उंच दुसरं शिखर नाही. मुलाला सांगा, आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे मुन्नार गावच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर आहे. तिकीट ऑनलाइन आधी काढा. सोमवारी चहाचं संग्रहालय बंद असतं, तो दिवस मरयूरला ठेवा. अंधार पडल्यावर रस्त्यावर नको, हत्ती उतरतात.

टॉप स्टेशन मुलासाठी. १९२४ च्या महापुरात वाहून जाईपर्यंत मुन्नारहून तिथवर छोटी रेल्वे होती, चहाची खोकी तिथून दोरवाटेनं खाली तमिळनाडूत सोडत. नाव त्या स्टेशनावरून पडलं. आता रूळ नाहीत, दरी आहे.

मांजराकाठची

तिकिटं झाली! साठाव्या दिवशी सकाळी आठला मी आणि मुलगा दोन मोबाइलवर बसलो होतो. आईला खालचा बर्थ मिळाला. चार रात्री, बाजाराजवळ तळमजला. गाडी फक्त दोन दिवसांसाठी केली, बाकी सरकारी बस. काचेची डबलडेकर आहे म्हणे, मुलाला तिचंच वेड लागलंय. आल्यावर लिहीन.

मांजराकाठची (२६ जानेवारी)

आलोत कालच. सगळं लिहायला बसले तर रात्र होईल, म्हणून जे सांगितलंच पाहिजे तेवढं.

गाडीत आई दिवसभर खिडकीला. गुंटकलच्या पुढं म्हणाली, हे तर आपलंच रान. अलुवाहून घाटात लागली नाही, डॉक्टर ताईंचे उपकार. पहिल्या दिवशी तिनं मळा बघितला आणि पहिला प्रश्न केला की ह्याला पाणी कोण देतं. मी म्हटलं, पाऊस. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती माझ्याकडंच होती, घागरी घेऊन नंबरला उभी राहायची. ती नुसती बघत राहिली.

संग्रहालयात पान सुकवण्यापासून चुरडून, आंबवून, भाजून पत्ती होईपर्यंत सगळं दाखवलं. आईला वाटायचं पानं वाळवली की झाला चहा. सर्वांत बारीक भुकटी चाळून निघते तीच आपल्याकडं उकळतो, हे तिला पटेना. कपातला बिनदुधाचा चहा तिनं एक घोट घेऊन ठेवून दिला.

मरयूरबद्दल गुऱ्हाळवाले दादा, तुमचे शब्द खरे झाले. आई काहिलीजवळून हलेना. चुलाणात चिपाडं कशी सारायची ह्यावरून तिचं आणि तिथल्या बाईचं हातवाऱ्यांनी दहा मिनिटं चाललं होतं. गुळाचे गोळे आणलेत, तुमच्यासाठी एक किलो बाजूला ठेवलाय, कळंबला कुणी येत असेल तर देते.

आणि तिसऱ्या दिवशीची दुपार. देविकुलमच्या रस्त्याला वजन चाललं होतं. आमच्या गाडीवाल्यानं सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, उभ्या राहा. आई काट्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. टांगता काटा, आकडे लाल. प्रत्येक बाई आपलं पोतं अडकवायची, आकडा स्वतः बघून मोठ्यानं म्हणायची, मग तो माणूस वहीत लिहायचा. आईनं अकरा पोती बघितली. मला म्हणाली, "आकडा बाईला दिसतो गं." आमच्या वेळी गाडी कारखान्याच्या काट्यावर जायची, आकडा चिठ्ठीवर यायचा, चिठ्ठी मुकादमाकडं.

वजन झालेली एक बाई शेजारी येऊन बसली. आईएवढी नाही, पण पन्नाशी उलटलेली. गाडीवाला मधे सांगत होता. आईनं विचारलं, किती तास, लेकरं किती, पाय दुखतात का. पायावरून दोघींनी आपापले गुडघे दाबून दाखवले. मुलगा तिरुप्पूरला कापडाच्या कारखान्यात, मळ्यात कुणी येणार नाही. दोन वर्षांत ती निवृत्त. आईनं मग तिला विचारलं, खोलीचं काय करणार. ते भाषांतर करताना गाडीवालाच थांबला. तिनं हात वर केला, बस.

निघताना फोटोचं नाव आम्ही काढलंच नव्हतं, तिनंच मुलाच्या हातातला मोबाइल दाखवून खूण केली. दोघींचा काढला. मग तिनं गाडीवाल्याला सांगितलं की लोक फोटो नेतात, कुणी परत देत नाही, मला ह्याचा कागद पाहिजे. आईनं कबूल केलंय. आज सकाळी लातूरला मोठा काढून आणला, लॅमिनेट केलाय. परभणीकर, तुमचं मार्च-एप्रिलमध्ये मुन्नारला जाणं होणार असेल तर तुमच्याकडं पाठवू का? पोस्टानं थेट पाठवायला तिचा पत्ता म्हणजे मळ्याचं नाव आणि लयमची ओळ, तेवढाच आहे माझ्याकडं. आई रोज विचारतेय.

कोचीतला परभणीकर

पाठवा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जातोय. मागं मळ्याचं नाव, ओळ आणि तिचं नाव तमिळमध्ये लिहून हवं, तुम्ही मराठीत लिहा, मी इथं कुणाकडून करून घेतो. वजनाच्या वेळीच जाईन. दोन प्रती काढा, एक मुलाकडं तिरुप्पूरला नेता येईल तिला. पत्ता व्यक्तिगत निरोपानं पाठवतो.